मी विचारलं तरी सांगू नका

४ फेब्रुवारी

प्रिय टिल्ल्या,

पंचेचाळिशीच्या माणसाला या नावाने हाक मारणारी मी एकटीच उरले आहे, तेव्हा सहन कर. बाबांनीही मारली असती, पण हल्ली त्यांना मधूनच माझंही नाव सापडत नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. घरात बोलले तर बाबा कान टवकारून ऐकतात. मोबाइल घेऊन जिन्यात गेले तर आतून दार ठोठावतात, "कुणाशी बोलतेस? मला कुठं पाठवताय?" लिहायला बसले की मात्र गप्प असतात. मी शाळेच्या वह्या तपासतेय असं त्यांना वाटतं. शाळा सोडून मला वर्ष झालं, हे मी त्यांना सांगत नाही.

आता मुद्द्याचं. मला दोन आठवडे हवे आहेत. माझी ती शाळेतली मैत्रीण, लांब केसांची, तिने बोलावलंय. काही विशेष नाही, जरा हवापालट. तू येऊन बाबांपाशी राहशील का? काम अवघड नाही. दाराला आतून कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या अंगावर ठेवायची, एवढं सांभाळलं की झालं. मागे एकदा ते निसटले आणि थेट बस डेपोत सापडले. कामावर निघालो होतो म्हणाले.

घरात दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं. मी खिडकीशी गेले तर विचारतात, कुठं चाललीस. न्हाणीघरात गेले तरी विचारतात.

कळव.

तुझी ताई

---

१३ फेब्रुवारी

ताईस नमस्कार,

पत्र पोचलं. तू कधी काही मागत नाहीस, आणि मागितलंस ते नेमकं मला देता येत नाही. रागावू नकोस, आधी नीट वाच.

मी बसतो ती खोली इस्पितळाच्या तळघरात आहे. खिडकी नाही. यंत्रं तापू नयेत म्हणून चोवीस तास एसी, त्यामुळे भर उन्हाळ्यात मी स्वेटर घालून बसतो. वर नोंदणीचा संगणक अडला, औषधांचा साठा दिसेना, क्ष-किरणांचे फोटो उघडेनात, की फोन मला. सगळ्या दारांच्या चाव्या, म्हणजे मुख्य पासवर्ड, एकट्या माझ्याकडे आहेत. दुसऱ्या कुणाला देववत नाहीत. या लोकांना पासवर्ड दिला की ते चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवतात! म्हणून मी आपली युक्ती काढली आहे. कुणी अडलं की फोनवरच त्याचा पासवर्ड विचारून घेतो, इथूनच त्याच्या संगणकात शिरतो आणि चहा निवायच्या आत काम उरकून टाकतो. सगळे खूश. मला 'कॉम्प्युटरसाहेब' म्हणतात.

याचा अर्थ असा की मी एक दिवस नसलो तर इस्पितळ आंधळं. व्यवस्थापकांकडे रजेचा विषय काढला तर ते हसले आणि म्हणाले, "देवाला रजा असते का?"

तू तिथे एखादी बाई ठेव ना. पगार मी पाठवीन. माणसाने सगळं आपल्याच अंगावर घेऊ नये.

टिल्ल्या

---

२२ फेब्रुवारी

टिल्ल्या,

बाई ठेव म्हणतोस. दोन ठेवून झाल्या. एकीच्या हातून बाबा जेवले नाहीत. दुसरीला त्यांनी चोर ठरवलं. ते माझ्याच हातून जेवतात.

माणसाने सगळं अंगावर घेऊ नये, हे कोण सांगतंय बघ. आपलं ठेवायचं झाकून!

जमत नाही तर राहू दे. मैत्रीण काही पळून जात नाही.

ताई

---

१७ मार्च

ताईस नमस्कार,

तुझं पत्र चारच ओळींचं होतं आणि अक्षर एवढालं, तिरकं, ओळी कागदावरून घसरत गेलेल्या. फार रागात लिहिलंस हे कळलं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण आता सांगतो. फोनवर 'जरा गोंधळ चाललाय' म्हणालो होतो. जरा नव्हता.

नोंदणीच्या खिडकीवर एक बाई बसतात. बोलायला गोड, कामाला चोख. एका सकाळी रांग दारापर्यंत गेलेली असताना त्यांना फोन आला. "मी कॉम्प्युटरसाहेब बोलतोय. तुमच्या यंत्रात काहीतरी दिसतंय, पासवर्ड सांगा पटकन." आवाज सर्दी झाल्यासारखा बसलेला. बाई म्हणाल्या, "काढा घ्या काहीतरी," आणि पासवर्ड सांगून मोकळ्या झाल्या.

तो मी नव्हतो. कोण होता, अजून कळलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे पडदे काळे पडले होते. रोग्यांच्या नोंदी कुलूपबंद झाल्या, आणि कुलूप उघडून हवं असेल तर पैसे मोजा, असा मजकूर. पैसे दिले नाहीत. नोंदींची एक प्रत मी रोज वेगळ्या यंत्रावर काढून ते यंत्र नेटवर्कपासून तोडून ठेवतो, तिच्यावरून सगळं पुन्हा उभं केलं. तोवर परिचारिका हाताने लिहीत होत्या, आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. नोंदी परत आल्या, पण ज्या बाहेर गेल्या त्या गेल्याच. एका म्हाताऱ्या गृहस्थांना कुणीतरी फोन करून त्यांचा आजार त्यांनाच वाचून दाखवला आणि औषध विकायला लागला. त्यांनी तो आजार बायकोपासूनही लपवला होता. ते इथे आले, बाकावर बसून राहिले, आणि काहीच न बोलता उठून गेले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौकशीत व्यवस्थापकांनी त्या बाईंना विचारलं, "पासवर्ड फोनवर कसा काय दिलात?" त्या रडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण साहेब नेहमी असंच तर विचारतात."

ताई, मी या लोकांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकवली होती, माझं नाव ऐकलं की दार उघडायचं. चोराला फक्त माझं नाव घ्यावं लागलं.

बाईंना काढणार होते. चूक माझी आहे असं मी लेखी दिलं, तेव्हा त्या राहिल्या. मलाही काढतील असं वाटलं होतं. उलटंच झालं. व्यवस्थापक म्हणाले, "आता तर तुम्ही इथून हलायचंच नाही." तळघरात खाट टाकून दिली आहे.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. तू तुझ्या दोन खोल्यांत आणि मी या एकीत.

टिल्ल्या

---

९ एप्रिल

नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या ताईंच्या समोरच्या दारात राहते, शिवणकाम करते. हे पत्र त्यांना न सांगता लिहिते आहे. कळलं तर बोलायच्या बंद होतील, पण आता गप्प बसवत नाही.

त्यांना मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. उजव्याने जवळपास काही दिसत नाही. डॉक्टरांनी कधीचीच शस्त्रक्रिया सांगितली आहे. मैत्रिणीकडे जायचं म्हणजे तेच, तिच्या गावात डोळ्यांचं मोठं रुग्णालय आहे. तुमचं एक लांबलचक पत्र आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला काही कळवू नका. तो आधीच अडकलाय."

गेल्या सोमवारी बाबांची किंकाळी ऐकू आली म्हणून मी धावले. दार आतून बंद. ताईंना घाईत कुलपात किल्ली बसेना. उघडलं तेव्हा बाबा डोळा चोळत ओरडत होते. कानात घालायचे थेंब डोळ्यात गेले होते. बाटल्या एकसारख्या. आम्ही पाण्याने धुतलं, दवाखान्यात नेलं, डोळा वाचला. पण त्या दिवसापासून ताई औषधाच्या डब्याला हात लावायला घाबरतात. मी येऊन देते.

अजून एक. बाबा माझ्या हातून जेवतात. चांगले दोनदा मागून जेवतात. हे मी ताईंना सांगितलेलं नाही. त्यांना काय वाटेल कळत नाही.

तुम्ही या.

समोरची शिवणवाली

---

२१ एप्रिल

ती. ताईस,

शेजारीणबाईंचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावलीस तर माझी शपथ आहे. हे पत्र त्याच तुला वाचून दाखवतील.

तुझं फेब्रुवारीचं पत्र पुन्हा काढून पाहिलं. त्या घसरलेल्या ओळी. आणि मी शहाणा त्याला राग समजलो.

मी तुझ्याकडे यायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं, निघणं नाही. पहिल्यांदा लोकांना माझ्यापासून सोडवायचं होतं. उपाहारगृहात जेवणानंतर वर्ग घ्यायला लागलो. डॉक्टर, परिचारिका, औषध देणारे, हिशेब ठेवणारे, सगळ्यांसाठी. सगळे आपापल्या कामात पक्के, पण संगणक म्हणजे आपल्याला हात न लावायची वस्तू, अशी प्रत्येकाची समजूत. सुरुवात अशी केली की मेट्रनबाईंना विचारलं, "मी फोन करून तुमचा पासवर्ड मागितला तर?"

"देईन."

"नाही द्यायचा."

"तुम्हीच मागितलात तरी?"

"मी विचारलं तरी सांगू नका. मी ओरडलो तरी सांगू नका. फोन ठेवा, माझा नंबर तुमच्याकडे आहे त्यावर तुम्ही फोन करा, आणि मग विचारा की मीच आहे का. आणि मी असलो तरी सांगू नका, कारण खऱ्या माणसाला तुमच्या पासवर्डची गरजच नसते."

मोठे सर्जन मागे बसून पेपर वाचत होते. म्हणाले, "हे बाकीच्यांना शिकवा. मला विचारायची कुणाची हिंमत आहे?" मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या, "विचारायची गरजच नाही हो डॉक्टर. तुमचा पासवर्ड तुमच्या मुलीचं नाव आहे, आख्ख्या वॉर्डाला ठाऊक आहे." एवढे हसले लोक! सर्जनही हसले, मग पेपर घडी करून ठेवला आणि पुढच्या बाकावर येऊन बसले.

मग रोज थोडं थोडं. जागेवरून उठलात तर पडदा बंद करून उठा. मेलमधून आलेल्या दुव्यावर बोट ठेवण्याआधी, हे मी मागवलं होतं का, असं स्वतःला विचारा. कुणी घाई करतंय म्हणजे थांबायची वेळ झाली. आणि चूक झाली तर लगेच सांगा, कुणी ओरडणार नाही. हे शेवटचं मी नोंदणीच्या बाईंकडे बघून म्हणालो. त्यांनी मान खाली घातली, पण दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर शिकवायला उभ्या राहतात. "मी फसले ती अशी," म्हणून स्वतःच सांगतात. माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकतात.

खरं जड गेलं ते चाव्या देणं. क्ष-किरण विभागात एक तंत्रज्ञ आहे, तल्लख मुलगी. तिच्यात आणि मेट्रनबाईंत अधिकार वाटून दिले, एकीला दुसरीशिवाय मोठं काही बदलता येणार नाही असे. इतके दिवस मी म्हणत होतो, यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही. त्या दोघींनी सगळं अगदी सहज समजून घेतलं. मग मी इतकी वर्षं त्या तळघरात काय राखत होतो?

व्यवस्थापकांना रजेचा अर्ज दिला. "तुमच्या मागे काही झालं तर?"

"मी उद्या मेलो तर?"

"असं अभद्र बोलू नका."

"मग रजा द्या."

पंधरा दिवस मिळालेत, फोन चालू ठेवण्याच्या अटीवर. वर एक-दोन दिवस लागले तर शेजारीणबाई सांभाळतील. रविवारी पोचतो. पिशवी भरून ठेव.

टिल्ल्या

---

२९ एप्रिल

ताई,

शस्त्रक्रिया नीट झाल्याचं तुझ्या मैत्रिणीने कळवलं. पट्टी सुटेपर्यंत ती हे तुला वाचून दाखवील. तू फोन नको म्हणालीस ते बरोबरच, तुझा आवाज ऐकला की बाबा दाराकडे जातात.

तुला खरं सांगतो. रविवारी तू जिना उतरलीस आणि बाबांनी मला विचारलं, "आपण कोण?"

मी म्हणालो, "बाबा, मी टिल्ल्या."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "टिल्ल्या लहान आहे," म्हणाले. "तुम्ही कशावरून टिल्ल्या?"

मी काय काय सांगितलं! आईचं नाव, जुन्या घराचा रंग, गुडघ्यावरची खूण दाखवली. ते दार अडवून उभे. "हे कुणीही सांगेल. माहिती काढून येतात हल्ली लोक." ताई, मी वर्गात जे शिकवतो ते त्यांनी मला अर्ध्या मिनिटात ऐकवलं. स्वतःच्या बापाच्या दारात मी पिशवी घेऊन उभा, आणि आत जायला हाती काही नाही.

शेवटी त्यांची नजर माझ्या खिशातल्या पेचकसावर गेली. तो सवयीने तिथे असतो. चेहरा एकदम खुलला. "अहो, मग वायरमन म्हणा की! या, या. स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतोय."

तर मी सध्या वायरमन आहे. दिवा दुरुस्त केला. मग पंखा. आता ते रोज नवीन काम काढतात, म्हणजे मी जाऊ नये. जेवण माझ्या हातून घेत नाहीत, वायरमनने वाढायचं नसतं. शेजारीणबाई येऊन वाढतात. त्यांच्या हातून ते जेवतात, ताई. तुला हे कळायला हवं. वाईट वाटून घेऊ नकोस.

संध्याकाळी दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकतो, तेव्हा त्या तळघराची आठवण येते. इथे तू वर्ष कसं काढलंस?

टिल्ल्या

---

४ मे

प्रिय टिल्ल्या,

एक डोळा उघडला. हे मी स्वतः लिहितेय, ओळी बघ कशा सरळ आहेत. मैत्रिणीच्या घराची भिंत पिवळी आहे, मी आल्यापासून ती करडी समजत होते.

तुझं पत्र मैत्रिणीने वाचलं तशी मी उठून गच्चीत गेले. बाबा दुसऱ्याच्या हातून जेवतात हे ऐकून आधी राग आला. मग लाज वाटली. मग रडू आलं, आणि डॉक्टरांनी रडायला बंदी केली आहे! माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही, या एका गोष्टीवर मी उभी होते रे. ती काढून घेतल्यावर मी काय करायचं, ते मला अजून कळत नाही. इथे कुणी विचारत नाही कुठं चाललीस. मी खिडकीशी जाते आणि थांबते, कुणी विचारील म्हणून.

बाबांनी तुला ओळखलं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. पटवायला जाऊ नकोस. पटवणाऱ्या माणसाचीच त्यांना भीती वाटते.

दुसऱ्या डोळ्याला अजून तीन आठवडे लागतील म्हणतात. तुझी रजा संपेल. मी परत येऊ का? दुसरा डोळा पुढच्या वर्षी केला तरी चालेल.

ताई

---

११ मे

ताई,

येऊ नकोस. दुसरा डोळा करूनच ये.

काल दुपारी मला राहवलं नाही, इस्पितळात फोन लावला. औषधांच्या साठ्याची यादी रोज या सुमाराला नवी होते, ती झाली का एवढंच बघायचं होतं. फोन मेट्रनबाईंनी उचलला. मी म्हणालो, "मी बोलतोय. जरा आत शिरून बघतो, माझ्यासाठी एक दार उघडा."

"कोण बोलतंय?"

"अहो मी! कॉम्प्युटरसाहेब!"

"फोन ठेवा," म्हणाल्या. "तुमचा नंबर आहे आमच्याकडे, आम्ही करतो." आणि ठेवलाच. लगेच त्यांचा फोन आला. मला वाटलं आता उघडतील. तर म्हणाल्या, "आवाज पटला. तुम्हीच आहात. पण तुम्ही रजेवर आहात, आणि रजेवरच्या माणसाला दार उघडायचं नाही असा नियम तुम्हीच लिहिलाय. यादी झाली आहे. वडील कसे आहेत?"

मी जिन्यात उभा होतो. पायरीवर बसलो आणि हसायला लागलो, आणि हसता हसता काय झालं मला कळलं नाही. शेजारीणबाई मशीन थांबवून बाहेर आल्या, पाणी दिलं. इतक्या वर्षांत मला कुणी नाही म्हटलं नव्हतं.

मग व्यवस्थापकांना फोन करून आणखी तीन आठवडे मागितले. म्हणाले, "इथे सगळं चाललंय, ही गोष्ट मला तितकीशी आवडलेली नाही." पण दिले. परत गेल्यावर खुर्ची असेल की नाही, सांगता येत नाही. जो नसला तरी चालतं, त्याला ठेवतात का, तेही बघू.

बाबांनी आज रेडिओ उघडायला लावला. तो बिघडलेला नाही. मी खोलतो, ते बघत बसतात. मध्येच म्हणाले, "माझा मुलगासुद्धा असलंच काहीतरी करतो. फार हुशार आहे."

"येतो का इकडे?" मी विचारलं.

"त्याला सोडत नाहीत हो तिथून." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "सोडतील तेव्हा येईल."

मी रेडिओचा स्क्रू फिरवत राहिलो. मला वाटलं ते विसरले. पण त्यांनी हात पुढे केला, माझ्या मनगटावर ठेवला, आणि जरा अजिजीने म्हणाले, "तोवर तुम्ही थांबा."

थांबतो म्हणालो.

टिल्ल्या